सुगंधाबाईचा ताप कसा उतरला

चांद्यात त्या वर्षी एक गोष्ट कानातून कानात फिरत होती. डॉक्टर चिंतलवारानं बायकोला रानातली मुळी उगाळून पाजली आणि बाई गेली. जहर होतं म्हणे. आधी बेडकाला पाजलं, मग सशाला, मग बायकोला. गोलबाजारातल्या कापडाच्या दुकानात मांजरपाट फाडता फाडता ही गोष्ट सांगितली जाई, आणि गिऱ्हाईक दोन वार जास्त घेऊन जाई. भानापेठेच्या विहिरीवर बायकांनी या गोष्टीला दागिने घातले: नखं निळी पडली होती, तोंडाला फेस होता, डॉक्टर उशाशी बसून हसत होता. नखं कुणी पाहिली नव्हती. पण गोष्ट चांगली असली की साक्षीदार आपोआप जन्माला येतात, चांद्यात तर जुळे येतात.

गुणवंतराव चिंतलवार हा माणूस मुळात गोष्टी व्हाव्यात असाच होता. बापाचं हिरडा, बेहडा, लाख, मोहफूल असं जंगलमालाचं दुकान. पोरगं हुशार निघालं म्हणून बापानं नागपूरला डॉक्टरीला घातलं. तिथं पोराला औषधशास्त्राचं वेड लागलं. कोणतं औषध शरीरात शिरून काय करतं, काळीज किती उडवतं, रक्त किती चढवतं, याचं शास्त्र. त्याला कॉलेजातच राहायचं होतं, मास्तर व्हायचं होतं, नंतर प्रोफेसर. पण जागा दुसऱ्याच कोणाच्या भाच्याला मिळाली. गुणवंतराव परत आले, बापानं भानापेठेत दवाखाना काढून दिला, आणि दारावर पाटी लावताना माणसाचा चेहरा असा होता की शेजाऱ्यांना वाटलं घरात कुणी गेलं.

दवाखाना पुढून, प्रयोगशाळा मागून. पुढे खोकणारे लोक, मागे ससे. पुढे कोयनेलचं कडू मिक्श्चर, मागे नागपूरहून जुना विकत आणलेला किल्ली दिली की फिरणारा ड्रम. या ड्रमवर कागद गुंडाळायचा, चिमणीच्या धुरावर धरून काळा करायचा, मग बेडकाच्या काळजाला दोरा बांधून दोऱ्याच्या टोकाला काडी लावायची. काळीज उडालं की काडी काजळीवर पांढरी रेघ ओढते. रेघेचे डोंगर झाले की गुणवंतराव खुश. मग तो कागद लाखेच्या पाण्यात बुडवून पक्का करायचा. लाख बापाच्या दुकानची, फुकट. सदरे मात्र फुकट नव्हते. एकूण एक सदऱ्यावर काजळीची बोटं. गावानं नाव ठेवलं, काजळीडॉक्टर. आजारी लोक तोंडावर 'डॉक्टरसाहेब' म्हणत आणि रस्त्यात पत्ता विचारणाऱ्याला 'ते काजळीडॉक्टर ना, तिथी वळा' असं सांगत.

त्यांची बायको सुगंधाबाई. राजुऱ्याकडची, दिसायला बरी, जिभेनं सुरी. ती म्हणे, "लोकाच्या घरी चुलीची काजळी, आमच्या घरी विद्येची. बेडकाचं काळीज कमी उडालं का जास्त, हे कागद सांगते. घरातलं तेल संपलं, हे कोनता कागद सांगन, तेवढं शोधून काढा." गुणवंतराव उत्तर देत नसत. उत्तर न देणं हा त्यांचा स्वभाव नव्हता, सोय होती.

आणि ते लेख लिहीत. इंग्रजीत, टाइप करून, नागपुरातल्या एका वैद्यकीय त्रैमासिकाकडे पाठवत. छापूनही येई. छापलेल्या लेखाच्या सुट्या प्रती मिळत, त्या ते मद्रासला, कलकत्त्याला, विलायतेला स्वतःच्या तिकिटांनी पाठवत. मग वाट पाहत. वाट कशाची? तर कुठल्या तरी माणसानं आपल्या लेखात यांचं नाव घ्यावं, 'चिंतलवार यांनी असं दाखवलं आहे' एवढी एक ओळ लिहावी, शेवटी संदर्भांच्या यादीत नाव छापावं. बाकीचे लोक मासिक पुढून वाचतात, गुणवंतराव मागून वाचत. चांदाफोर्टहून नागपूरची छोटी गाडी धरायची, कॉलेजच्या वाचनालयात बसायचं, नवीन अंक उलटे उघडायचे आणि 'सी'च्या रकान्यावर बोट फिरवायचं, जसा मॅट्रिकच्या निकालात बाप पोराचा नंबर शोधतो. वर्षानुवर्षं तो पोरगा नापासच होत होता.

जटपुरा दरवाज्यापाशी मुखरूचा चहा होता. मुखरू म्हणजे जिल्ह्याचं वर्तमानपत्र. फरक एवढाच की हा छापण्याआधी साखर घाले. त्यानं एकदा विचारलं, "डॉक्टरसाहेब, एवढे कागद विलायतेले धाडता, वापस काय येते?"

"नाव यायला पाहिजे," गुणवंतराव म्हणाले. "दुसऱ्यानं त्याच्या लेखात आपलं नाव घेतलं पाहिजे. त्याच्यावरच माणसाची किंमत ठरते."

"म्हंजे आपन नसताना आपल्याबद्दल बोललं पाह्यजे."

"तसंच काहीसं."

"याले आमी चुगली म्हनतो."

"चुगली नाही रे, संदर्भ."

"मंग इथीच बसा ना, साहेब," मुखरू कपात चहा ओतत म्हणाला. "तुमी उठून गेले का रोज संदर्भ होते तुमचा."

टपरीवरचे सगळे हसले. गुणवंतराव हसले नाहीत. त्यांनी चहाही अर्धा सोडला. तेव्हापासून चांद्यात चुगलीला 'संदर्भ' म्हणायची पद्धत पडली, ती पुढे बरीच वर्षं टिकली. गुणवंतरावांनी भाषेला दिलेली भर म्हणायची तर एवढीच.

खरा घाव नागपुरात बसला. औषधशास्त्राच्या विभागात रीडरची जागा निघणार होती. प्रोफेसरसाहेब निवड समितीत. गुणवंतराव आपले सगळे लेख शिवून, पुठ्ठा घालून घेऊन गेले. प्रोफेसरांनी पानं उलटली, बेडकांचे डोंगर पाहिले आणि म्हणाले, "जंगल में मोर नाचा, किसने देखा? चिंतलवार, तुमचं काम वाईट नाही. पण तुम्हाला कोणी विचारत नाही. सशाचा ताप उतरला तर सशाच्या बायकोला आनंद, जगाला काय? माणसावरचं आणा. मुदतीच्या तापाची एक केस, नीट तक्ता, रानातली मुळी. असल्या गोष्टी हल्ली बाहेर फार उचलतात. बाहेरच्या एकानं जरी तुमचं नाव छापलं, तर ही खुर्ची तुमची."

खुर्ची बाजूलाच होती, वेताची, एका पायाशी जरा सुटलेली. गुणवंतरावांनी ती पाहून ठेवली. परतीच्या गाडीत, मूल गावापासून चांद्यापर्यंत, त्यांना जंगल दिसलंच नाही. खुर्ची दिसत होती.

मुळी त्यांच्याकडे होती. एटापल्लीकडून जंगू नावाचा एक माडिया गडी अधूनमधून आलापल्लीच्या बाजाराला येई, तिथून डॉक्टरांसाठी साली, मुळ्या, डिंक, जे मागतील ते आणी. या मुळीबद्दल गुणवंतरावांनी त्याला विचारलं होतं, "यानं ताप उतरते काय?"

जंगूनं डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहिलं, त्यांना काय ऐकायचंय ते ओळखलं आणि म्हणाला, "तुमी म्हनता त उतरत असन, डाक्टर."

शास्त्रातला पहिला पुरावा तो. सशाला ताप आणून ही मुळी पाजली तेव्हा एकदा उतरला, एकदा नाही, एकदा ससाच मेला. तो मेलेला ससा लेखात आला नाही. उतरलेला आला.

आता माणूस पाहिजे होता. पण चांद्याचे लोक फुकटचं विष घेतील, डॉक्टरचं फुकट औषध घेणार नाहीत. "हे सशाचं हाये ना?" असं विचारून लोक भांडं खाली ठेवत. एका तापकऱ्यानं घोट तोंडात धरला आणि दवाखान्याच्या पायरीवर थुंकला; पायरीवर हिरवा डाग पडला, आणि भानापेठेची पोरं त्याला 'डॉक्टरचं काळीज' म्हणत. असे महिने गेले. नागपूरची खुर्ची अजून रिकामी होती, पण खुर्ची कोणासाठी थांबत नाही.

मग घरातच ताप आला.

सुगंधाबाईला आधी कणकण, मग डोकं, मग रोज पायरी चढल्यासारखा वर जाणारा ताप. आठवड्यात गुणवंतरावांनी ओळखलं. गावानंही ओळखलं. मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड. या तापाबद्दल आपल्याकडे सगळ्यांना सगळं माहीत असतं: तो मुदत घेऊन येतो, मुदत भरली की जातो, मधे त्याला डिवचायचं नाही. खायला द्यायचं नाही, तांदळाची पेज गाळून द्यायची, अंगाला पाणी लागू द्यायचं नाही. आणि ज्या दिवशी अंग थंड पडतं त्या दिवशी पेढे वाटायचे, महाकालीची ओटी भरायची आणि आजाऱ्याला न्हाऊ घालायचं. या मुदतीवर गुणवंतरावांनी सारी उमर दात-ओठ खाल्ले होते. "मुदत कसली, अडाण्यांनो? जंतू हाये तो. औषध द्या, मरतो," असं ते दवाखान्यात ओरडत, आणि आजारी लोक माना डोलावून घरी जाऊन मुदत मोजत.

औषध होतंही. क्लोरॅम्फेनिकॉल. आदल्या उन्हाळ्यात मूलच्या मालगुजाराच्या पोराला हाच ताप आला होता. मालगुजारानं नागपूरहून गोळ्यांच्या शिशा मागवल्या, पोरगा आठवड्याभरात उठून कैऱ्या पाडायला गेला. उरलेल्या शिशा मालगुजारानं कौतुकानं डॉक्टरांकडेच ठेवल्या. त्या मागच्या खोलीतल्या कपाटात होत्या. सुगंधाबाईनं स्वतःच त्यांच्यावरची धूळ पुसली होती.

"अवो," ती अंथरुणावरून म्हणाली, "त्या मालगुजाराच्या पोराच्या गोळ्या हायेत ना कपाटात?"

"हायेत."

"मंग मले हे कडू कायचं पाजून राह्यले?"

"याच्यानं उतरते. चार-आठ दिवस पाहू."

"आन गोळ्या?"

"दोन्ही एकदम दिले, तर कशानं उतरला ते कळणार कसं?"

सुगंधाबाई हसली. तापातही तिची जीभ शाबूत होती. "उतरल्यावर कळून का करता? मले त नुसता उतरला तरी चालते." आणि थोड्या वेळानं म्हणाली, "सशावर झालं, बेडकावर झालं. आता आमची पाळी काय? माह्या काळजाले पन दोरा बांधून घ्या एकदाचा."

"बडबडू नको, ताप वाढते," गुणवंतराव म्हणाले आणि थर्मामीटर झटकून तिच्या जिभेखाली ठेवलं. म्हणजे बोलणंही थांबलं आणि आकडाही मिळाला.

शेजारची शकुबाई दिवसभर येऊन बसे. जाडजूड, दम्याची, सगळ्या भानापेठेची आजी. ती रोज विचारी, "डॉक्टर, त्या पोराच्या गोळ्या काऊन नाई देत बाईले?" आणि जो माणूस वीस वर्षं 'मुदत' या शब्दावर चिडत आला, तो आपल्याच घरात, आपल्याच बायकोच्या उशाशी उभा राहून म्हणाला, "मुदत भरू दे, शकुबाई. घाई करून चालत नाई."

शकुबाईला काय आनंद झाला! डॉक्टर ताळ्यावर आला, हे तिनं त्याच दिवशी विहिरीवर जाहीर केलं.

भिंतीवर तक्ता टांगला होता. सकाळ-संध्याकाळ टिंब, टिंबाला रेघ. रेघ वर गेली आणि वरच राहिली. सुगंधाबाई वाळली, ओठ फुटले, कानानं कमी ऐकू येऊ लागलं. ती मधूनच राजुऱ्याच्या घरातल्या कोणाशी तरी बोले. गुणवंतराव रोज मुळी उगाळत, रोज पाजत, रोज टिंब मांडत. रात्री कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा उशाखाली घेऊन झोपत. हे शकुबाईनं पाहिलं होतं, पण तिला वाटलं चोराची भीती असेल.

तिसरा आठवडा सरत आला. त्या सकाळी सुगंधाबाई एकदा जोरात कण्हली, पोट धरलं आणि घामाघूम झाली. गुणवंतरावांनी थर्मामीटर लावलं. पारा खाली. त्यांनी झटकून पुन्हा लावलं. आणखी खाली. इतका खाली की रेघ ओढायला तक्त्याचा अर्धा उभा रकाना लागला असता.

शकुबाईनं कपाळाला हात लावला आणि दारातूनच ओरडली, "उतरला व माय, उतरला! मुदत भरली! अंग कसं गार पडलं पाहा!" ती धापा टाकत घरी गेली, चुलीवर न्हाणीचं पाणी ठेवलं, गल्लीत साखर वाटली, महाकालीला नारळ पाठवून दिला. शेजारच्या बायका दारात गोळा झाल्या. कोणी म्हणालं, "डॉक्टरची मुळी खरी निघाली बाई." कोणी म्हणालं, "मुळी कायची, मुदत." यावर थोडं भांडणही झालं. उघड्या दारातून त्यांना दिसत होतं की गुणवंतराव बायकोच्या पोटावर हात ठेवून बसले आहेत. मग त्यांनी हात काढला, चादर गळ्यापर्यंत ओढली आणि बायकांना म्हणाले, "हो, उतरला. पण न्हाऊ घालू नका आज."

"पेज तरी देऊ द्या," एक बाई म्हणाली.

"काही देऊ नका."

मग ते उठले, तक्त्यापाशी गेले, टिंब मांडलं आणि पट्टी लावून रेघ ओढली. सुंदर सरळ रेघ. तशी त्यांच्या एकाही बेडकानं कधी काढली नव्हती.

चुलीवरचं पाणी निवायच्या आत सुगंधाबाई गेली. शकुबाईला त्याच पाण्यानं तिला आंघोळ घालावी लागली, शेवटची. इरई नदीवर नेताना गल्लीतल्या पोरांच्या तोंडात अजून साखर होती.

लेख निघाला. 'बाई, वय तेहतीस, मुदतीचा ताप, स्थानिक मुळीच्या अर्काचा परिणाम.' सोबत तक्ता. तक्ता जिथं ताप उतरला तिथं संपत होता. त्यानंतर बाईचं काय झालं, हे लेखात नव्हतं, आणि कोणी विचारलंही नाही. संपादकांना चित्र फार आवडलं. त्रैमासिकाच्या त्या अंकात तेवढंच एक चित्र स्पष्ट छापलं होतं.

इकडे जहराची गोष्ट सुरू झाली होती. दवाखान्यात येणारे लोक कमी झाले, मग थांबले. गुणवंतरावांना त्याचं काही नव्हतं. ते छोट्या गाडीनं नागपूरला जात होते आणि मासिकं मागून वाचत होते. आणि एक दिवस बोट थांबलं. विलायतेतल्या एका माणसानं उष्ण देशांतल्या तापावर लांबलचक आढावा लिहिला होता, त्यात एक ओळ: 'चिंतलवार यांनी एका रुग्णात तापाचा झपाट्यानं उतार नोंदवला आहे.' वाचनालयात गुणवंतरावांनी ती ओळ इतक्या वेळा वाचली की शिपायानं येऊन विचारलं, तब्येत बरी आहे ना.

मग रांग लागली. विलायतेच्या माणसाचं पाहून कलकत्त्याच्या माणसानं लिहिलं, कलकत्त्याचं पाहून जर्मनांनी. 'एका रुग्णात'चं 'रुग्णांमध्ये' झालं. पुढच्यानं 'सातत्यानं' घातलं. मुळी कोणी उगाळली नव्हती, लेख कोणी पुरता वाचला नव्हता. भानापेठेच्या विहिरीवर नखं निळी झाली ती अशीच झाली होती. फक्त विहिरीवरच्या बायका खाली तळटीप देत नाहीत.

खुर्ची मिळाली. जायच्या दिवशी गुणवंतराव जटपुऱ्याला चहा प्यायला थांबले. बहुतेक सांगायलाच थांबले असतील. विलायतेतल्या लेखाची प्रत त्यांनी मुखरूपुढे ठेवली, आपल्या नावाच्या ओळीखाली तांबडी रेघ मारलेली.

मुखरूला इंग्रजी येत नव्हतं. त्यानं कागद उलटा-सुलटा पाहिला. "याच्यात बाईचं नाव कुठी हाये?"

"नाव नसते द्यायचं. आजाऱ्याचं नाव छापत नाहीत."

"मंग तुमचं कसं छापलं?"

गुणवंतरावांनी कागद घडी करून खिशात घातला.

"नाई, मी आपलं विचारलं," मुखरू म्हणाला आणि कप विसळायला घेतला. "आजारी त तुमीच होते ना, साहेब?"

नागपुरात गुणवंतराव चांगले जमले. सदऱ्यावर काजळी राहिली नाही. काजळी धरायला आता शिपाई होता. दुसरं लग्न केलं नाही, पण याचंही चांद्यानं वाईटच घेतलं: "आता पाजायले कोनी राह्यलं नाई." भिंतीवर त्यांनी तो तक्ता काच लावून टांगला होता. आलेल्या माणसाला ते पट्टीनं दाखवत, इथं ताप, इथं औषध, इथं उतार.

ब्रह्मपुरीकडचा दादाजी नावाचा एक विद्यार्थी त्यांच्याकडे आला. त्यानं त्याच मुळीवर काम घेतलं, गुरूला बरं वाटावं म्हणून. वर्षभर उगाळून तो एक दिवस खाली मान घालून उभा राहिला. "सर, काहीच होत नाई जी. सशाले साधं पानी पाजलं तरी असाच आकडा येते. माहं काही चुकून राह्यलं काय?"

"विषय बदल," गुणवंतराव म्हणाले.

"पन सर, तुमच्या तक्त्यात..."

"विषय बदल म्हटलं ना."

दादाजीनं विषय बदलला. त्याच्या प्रबंधात पहिल्याच पानावर गुरूचा तो लेख संदर्भ म्हणून होता.

चांद्यात जहराची गोष्ट अजून सांगतात. ती खोटी आहे. गुणवंतराव चिंतलवारांनी सुगंधाबाईला विष दिलं नाही. त्या मुळीत विष नव्हतं आणि औषधही नव्हतं. सुगंधाबाईला मुदतीचा ताप होता, तो बरा करणाऱ्या गोळ्या घरात होत्या, आणि त्यांनी त्या दिल्या नाहीत. त्या सकाळी ताप उतरला, कारण त्या तापानं तिचं आतडं फुटलं होतं; ते फुटलं की अंग असंच गार पडतं. पोटावर हात ठेवला तेव्हाच त्यांना ते कळलं. त्यानंतर त्यांनी रेघ ओढली.